लालीची शेवटची प्रत

खोलीच्या दारावर ‘घाईत असलेल्यांनी आत येऊ नये’ असं लिहून लावावं, असं ताईंना सव्वीस वर्षांत निदान सव्वीसशे वेळा वाटलं असेल. लावलं मात्र कधीच नाही. लावलं असतं तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं.

ही खोली जंतू वाढवायची. एका संशोधन संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. आत दोन इनक्युबेटर, गाळलेली हवा सोडणारं एक काचेचं कपाट, एक बर्नर, स्टूल एकच आणि तेही डगमगणारं. कोपऱ्यात उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर, त्यात संस्थेने आजवर जमवलेले सगळे जंतू छोट्या नळ्यांत गोठवून ठेवलेले. त्या फ्रीजरची किल्ली ताईंकडे असे. ताई तिथल्या तंत्रज्ञ. जंतूंचं अन्न शिजवायचं, ते पसरट प्लेटांत ओतायचं, कोणता जंतू कुठून आला, कुठे गेला ते मोठ्या नोंदवहीत लिहायचं, आणि एकाचा दुसऱ्याला स्पर्श होऊ द्यायचा नाही, हे त्यांचं काम. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एकाही नळीत सरमिसळ झाली नव्हती. हे त्या स्वतः कधी सांगत नसत, कारण सांगायची वेळच आली नव्हती.

त्यांचा मुख्य पाहुणा म्हणजे लाली. प्लेटवर विटकरी-गुलाबी ठिपक्यांसारखी उगवते म्हणून कुणीतरी हे नाव पाडलं आणि ते चिकटलं. दिसायला गरीब, पण चिवट इतकी की विचारू नका. माणसाचा जीव जाईल त्याच्या हजारपट किरणं तळघरातल्या यंत्रात तिच्यावर सोडली, तरी बाई दुसऱ्या दिवशी कामाला हजर. तिच्या आतल्या जनुकांच्या धाग्याचे शेकडो तुकडे उडतात. पण ती आधी तुकडे सांधते, सगळे जिथल्या तिथे, आणि मगच पुढचा संसार मांडते.

हे तिला जमतं कसं, हे शोधायला अख्खा विभाग पगार घेत होता. एक कारण सगळ्यांना ठाऊक होतं. लाली आपल्या जनुकांची एकच प्रत ठेवत नाही, आठ-दहा ठेवते. एक फाटली तर दुसरीत बघून जुळवता येते. ताईंनी हे घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याला क्षणात पटलं. त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. लोक मूळ कागद हरवतात आणि रडत दुकानात येतात, मग एखादी जास्तीची प्रत कुठल्यातरी खणात सापडते, हा त्याचा रोजचा अनुभव. सासूबाईंना मात्र एवढंच कळलं होतं की सून किरणांत काम करते, आणि ती घरी आली की त्या आपली उशी घेऊन दुसऱ्या खोलीत जात. उन्हात वाळवलेली चादर रात्री ऊन देत नाही, तशी किरणं अंगाला लागून घरी येत नाहीत, असं ताईंनी शंभरदा समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी सासूबाईंची उशी तिकडेच राहू लागली आणि ताईंना कपाट ठेवायला जागा झाली.

तर अशा या खोलीत तीन वर्षांपूर्वी डॉक्टर आला. पदवी मिळायची होती, पण आल्या दिवसापासून सगळे त्याला डॉक्टर म्हणत आणि त्यालाही ते आवडे. मुलगा हुशार होता, मनाने वाईट नव्हता. फक्त त्याच्या पायाला चाकं होती. प्लेट इनक्युबेटरमध्ये ठेवली की दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडून बघणार. लालीला वर यायला तीन दिवस लागतात हे ताईंनी त्याला किती वेळा सांगितलं असेल. दार उघडलं की आतली ऊब जाते, मग तिनाचे चार होतात, मग पुन्हा हाच विचारणार की ताई, उशीर का लागतोय.

त्याच्या वाट्याला लालीचं एक जनुक आलं होतं. यादीत त्याचा नंबर सत्तावीस. लालीच्या चिवटपणात याचा हात असावा असा संशय. हात आहे की नाही हे बघायची रीत अशी की ते जनुक काढून टाकायचं, त्या जागी एका औषधाला दाद न देणारं दुसरं जनुक बसवायचं, आणि मग ते औषध घातलेल्या प्लेटवर लाली वाढवायची. जिच्यात बदल झाला ती वाढते, बाकीच्या मरतात. मग वाढलेलीवर किरणं सोडायची. मेली, तर जनुक कामाचं. जगली, तर बिनकामाचं.

आता बघा, एकच प्रत असलेल्या जंतूत हे काम एका दमात होतं. लालीत आठ-दहा प्रती. एका प्रतीत बदल झाला तरी औषध पचतं आणि बाकीच्या प्रती जुन्याच्या जुन्या आत बसून राहतात. म्हणून तिला औषधाच्या प्लेटवर पुन्हा पुन्हा वाढवावं लागतं, प्रत्येक वेळी एकच ठिपका उचलून पुढच्या प्लेटवर, जोवर जुनी प्रत एकही उरत नाही तोवर. ताईंच्या हिशेबाने दहा फेऱ्या, कधी बाराही. एका फेरीला तीन दिवस.

डॉक्टरने तीन केल्या. ताईंनी विचारलं तर म्हणाला, पुस्तकात तीनच लिहिल्यात. ते पुस्तक दुसऱ्या जंतूचं होतं, एकाच प्रतीच्या. ताईंनी तेही सांगितलं. त्याने मान डोलावली आणि प्लेट घेऊन जिना उतरून तळघरात गेला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं ताई स्वतःशीच पुटपुटल्या आणि भांडी घासायला वळल्या. तेव्हाच हात धरून त्याला थांबवायला हवं होतं, असं त्यांना पुढे महिनाभर वाटत राहिलं.

लाली किरणांतून हसतखेळत बाहेर आली. डॉक्टरने निष्कर्ष काढला की सत्तावीस नंबर बिनकामाचं, आणि त्यावर भाषणही तयार केलं. मॅडम म्हणजे विभागप्रमुख. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की जनुक खरंच निघालंय याचा पुरावा कुठे आहे. तो काढायला त्याला आठवडा लागला. लालीतून त्या जागेच्या नकला काढायच्या आणि जेलच्या पातळ वडीतून विजेने पळवायच्या. जुनं जनुक लांब, त्याचा पट्टा वर थांबतो. नवं आखूड, त्याचा पट्टा खाली येतो. काम नीट झालं असेल तर एकच पट्टा, खालचा.

डॉक्टरच्या जेलमध्ये दोन पट्टे आले. वर एक, खाली एक, दोन्ही ठसठशीत.

याचा अर्थ एवढाच होता की बाबा, तुझं काम अर्धं राहिलंय. पण नाचता येईना अंगण वाकडे. डॉक्टरने मॅडमना सांगितलं की नळीत मूळची लाली मिसळली असणार, नळ्या तर ताई हाताळतात. आणि नोंदवहीत, ताईंच्याच नोंदवहीत, त्या नमुन्यासमोर लाल पेनाने लिहून टाकलं: ‘तंत्रज्ञाकडून सरमिसळ. नमुना बाद.’

ताईंनी ते दुसऱ्या दिवशी सकाळी वाचलं. आधी त्यांना वाटलं हे दुसऱ्याच कुणाबद्दल आहे. मग तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तशाच मॅडमच्या खोलीत गेल्या. मॅडमचा स्वभाव शांत, आणि त्या शांतपणाचाच ताईंना त्या दिवशी सगळ्यात जास्त संताप आला. मॅडम म्हणाल्या की मी कुणावर ठपका ठेवत नाही, पण नोंद झालीय तर प्रकरण निकालात निघेपर्यंत फ्रीजरची किल्ली माझ्याकडे ठेवते. तोवर ताईंनी खाली काचसामानाच्या कोठारात बसावं. ताईंची निवृत्ती चौदा महिन्यांवर होती. चौदा महिने बाटल्या मोजत बसायच्या आणि मग ‘सरमिसळ करणारी’ म्हणून घरी जायचं.

“औषधाच्या प्लेटवर मूळची लाली जगतच नाही,” ताई म्हणाल्या. “मी मुद्दाम वाटीभर मिसळली असती तरी ती मेली असती. मग वरचा पट्टा आला कुठून?”

यावर डॉक्टरचं उत्तर तयार होतं. चिवट शेजारणी आसपासचं औषध फोडून टाकतात आणि त्यांच्या आडोशाला एखादी साधीसुधीही जगते. हे खोटं नव्हतं, होतं कधीकधी तसं. हुशार माणसाची हुशारी नेमकी अशा वेळी सुचते. ताईंनी कपाळाला हात लावला आणि मॅडमकडे दीड महिना मागितला. त्याच नमुन्याच्या बारा फेऱ्या करते, जुनी प्रत निघून जाईल, खालचा एकच पट्टा राहील, मग बोला. नमुना ‘बाद’ म्हणून डॉक्टरने फेकला होता, पण प्रत्येक नळीची जोडनळी ठेवायची ताईंची सवय, ती फ्रीजरमध्ये होती. मॅडमनी स्वतःच्या हाताने कुलूप उघडून ती काढून दिली. ताईंना ते बघवलं नाही.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. त्याचं म्हणणं, नव्या प्रती वाटल्या तरी एखाद्याच्या खणात जुनी राहतेच, आणि पुढच्या वेळी त्याच जुनीची झेरॉक्स निघते, यात न कळण्यासारखं काय आहे. झेरॉक्सवाल्याला जे बसल्या जागी कळतं ते होणाऱ्या डॉक्टरला तीन वर्षांत कळू नये, याने ताई आणखीच उखडल्या. नवऱ्याला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं.

मुदत सुरू झाली. दिवसा कोठारात बाटल्या, आणि दर तिसऱ्या दिवशी अर्धा तास वर खोलीत. चौथ्या फेरीनंतर दोन पट्टे. ठीक आहे. आठव्या फेरीनंतर दोन पट्टे. ताईंनी औषध दुप्पट केलं. बाराव्या फेरीनंतर जेल डॉक्टरने लावलं आणि ते बघायला मॅडमही आल्या.

दोन पट्टे. वरचा फिकट झाला होता, पण होता.

डॉक्टरने नुसते खांदे उडवले, आणि ते बोलण्याहून वाईट होतं. मॅडम म्हणाल्या की ताई, बारा म्हणाला होतात. ताईंना त्या लालीचा इतका राग आला की प्लेट उचलून भिंतीवर आपटावी. सव्वीस वर्षं जिला दोन वेळचं खायला घातलं, तीच भर सभेत उलटली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाराचा आकडा त्यांना कुणी विचारला होता?

त्या खाली कोठारात गेल्या. बाटल्या मोजायला घेतल्या, तीनदा चुकल्या. मग पुन्हा वर आल्या, बाराही फेऱ्यांच्या प्लेटा काढल्या आणि कट्ट्यावर ओळीने मांडल्या. जेल डॉक्टरचं, पण प्लेट वाचायला कुणी ताईंकडून शिकावं.

पहिल्या फेरीतले ठिपके चांगले मोहरीएवढे. सहावीतले खसखशीएवढे. औषध दुप्पट केल्यावरचे तर डोळे ताणून बघावे लागत होते, आणि त्यांचा रंगही उडालेला. म्हणजे जुन्या प्रती जसजशा कमी होत गेल्या, तसतशी लाली आजारी पडत गेली होती. ताई स्टुलावर बसल्या. स्टूल डगमगलं, त्याच्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. ही सटवी शेवटची प्रत सोडत नव्हती, कारण सोडली तर तिला जगताच येणार नव्हतं. सत्तावीस नंबर किरणांपुरतं नव्हतंच. ते तिला रोजच्या जगण्याला लागत होतं. बारा काय, बाराशे फेऱ्या केल्या तरी खालचा एकटा पट्टा कधीच आला नसता.

म्हणजे ताईंचं म्हणणं चुकलं होतं आणि डॉक्टरचं त्याहून जास्त चुकलं होतं. पण हे सांगून कुणाला पटणार? दोन पट्टे सरमिसळीनेही येतात आणि असेही येतात. जेल काही बोलत नाही. दोन्हींत फरक करायचा तर एक एक ठिपका वेगळा तपासायला हवा. सरमिसळ असेल तर काही ठिपके निव्वळ जुने निघतील, काही निव्वळ नवे. सरमिसळ नसेल तर प्रत्येक ठिपक्यात दोन्ही.

ताईंनी नमुना पातळ करून पसरला, तोही औषध नसलेल्या प्लेटवर. मूळची लाली कुठे लपली असेलच तर तिला मोकळं रान मिळू दे. तीन दिवसांनी डॉक्टरला बोलावलं आणि म्हणाल्या, चाळीस ठिपके उचल.

“मी? तुमचा हात चांगला आहे, ताई.”

“माझा हात नको. परत म्हणशील ताईंनी मिसळलं.”

मग त्या दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या आणि तो उचलू लागला. ही ताईंच्या आयुष्यातली सगळ्यात लांब दुपार होती. ठिपका उचलायची सळई तो धरी ती चमच्यासारखी. प्लेटचं झाकण कट्ट्यावर उताणं ठेवी, त्यात हवेतली धूळ पडावी म्हणून की काय. सळई तापवून गार व्हायच्या आत ठिपक्याला लावी, तो चर्रकन जळे, मग दुसरा. सतराव्याला तो मोजणं विसरला. ताईंचे हात मांडीवरून दहा वेळा उठले आणि दहा वेळा त्यांनी ते खाली दाबले. एकदाच बोलल्या, झाकण पालथं. त्याने पालथं केलं. चाळीस व्हायला अडीच तास लागले; ताईंनी वीस मिनिटांत केले असते.

जेल दुसऱ्या दिवशी लावलं. लावताना ताई दारात उभ्या होत्या, आत आल्या नाहीत. प्रकाशपेटीवर ठेवल्यावर डॉक्टर बोट फिरवत मोजत गेला. पहिल्यात दोन. दुसऱ्यात दोन. विसापर्यंत तो भराभर मोजत होता, पुढे हळू झाला. चाळिसाव्यातही दोन. एकटा पट्टा एकाही ठिपक्याच्या घरात नव्हता, ना वरचा, ना खालचा.

त्याने पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवलं. मग म्हणाला, “सरमिसळ नाहीये. ती सोडतच नाहीये, ताई.”

“सोडली तर मरते. ठिपके बघ, कसे वाळलेत.”

यावर त्याने काय करावं? त्याचा चेहरा उजळला. त्याच्या बोलण्याला धाप लागली. सत्तावीस नंबर बिनकामाचं नाही, उलट त्याच्यावाचून लाली जगतच नाही, हे तर पहिल्यापेक्षा कितीतरी मोठं, भाषण बदलावं लागेल, शीर्षकही बदलावं लागेल. असं बोलत बोलत तो जेलचा फोटो घेऊन मॅडमच्या खोलीकडे पळाला. ताई दारातच उभ्या होत्या. तो त्यांच्या अंगावरून गेला, ‘सरका’ तेवढं म्हणाला.

मॅडमना समजायला पाच मिनिटं लागली. किल्ली त्यांनी संध्याकाळीच स्वतः आणून दिली, ताई, घ्या, म्हणाल्या, आणि त्यांना अवघडल्यासारखं झालेलं दिसत होतं. तळघरातलं किरणांचं यंत्र चालवणाऱ्या ऑपरेटरने जिन्यात थांबवून अभिनंदन केलं. घरी नवऱ्याने विचारलं, झालं ना सगळं? ताई म्हणाल्या, नाही झालं. त्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर खोलीत आला तेव्हा कट्ट्यावर नोंदवही उघडी होती. लाल अक्षरं वर. त्याने वाचलं, आणि कालपासून पहिल्यांदाच त्याची चाकं थांबली. कानापर्यंत लाल झाला. पान फाडून टाकतो, म्हणाला. पानांना छापील नंबर होते, एकही पान फाडायची सोय नव्हती. मग त्याने खिशातून पांढऱ्या शाईची बाटली काढली. म्हणजे येताना घेऊनच आला होता, हे ताईंनी पाहिलं. पण मान हलवली.

“इथे काही पुसायचं नसतं. चुकलेल्यावर एक आडवी रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे.”

“पण ताई, मग ते कायम राहील. पुढचे लोक वाचतील.”

“वाचू देत. त्यांनी दोन्ही वाचायचं. आधी काय लिहिलं होतं ते, आणि मग काय निघालं ते.”

त्याने रेघ मारली. पट्टी न घेता मारली तरी सरळ आली, इतकी सावकाश. मग खाली निळ्या पेनाने लिहायला घेतलं: ‘वरील नोंद चुकीची आहे. चाळीस वसाहती (ठिपके) स्वतंत्र तपासल्या, सर्वांत दोन्ही प्रती आढळल्या. सरमिसळ झालेली नाही. घाई माझी होती.’ एवढं लिहून तो थांबला. ताईंनी वाचलं.

“कुणाकडून झालेली नाही, ते लिही,” त्या म्हणाल्या. “वर लिहिताना लिहिलं होतंस.”

त्याने ‘झालेली नाही’च्या वर लहानशी खूण केली आणि तिथे लिहिण्यासाठी पेन टेकवलं. पेन तसंच राहिलं. कागदावर शाईचा ठिपका मोठा होऊ लागला. तीन वर्षं तो रोज या खोलीत येत होता. ताईंच्या हातच्या प्लेटा, त्यांनी शिजवलेलं अन्न, त्यांनी जपलेली जोडनळी. त्याने हळूच वर पाहिलं आणि विचारलं, “ताई, तुमचं नाव काय? पूर्ण?”

ताईंनी सांगितलं. एकदा, सावकाश. त्याने ते लिहिलं, अक्षर न अक्षर, आणि खाली सही केली.

“तारीख,” ताई म्हणाल्या.